भुंगा घाट चढतो

गाडी उलटी घसरत होती आणि गाडीत मी एकटी होते.

मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, पायाशी मठ्ठ्याची किटली, मागच्या बाजूने पिवळट धूर. समोरच्या काचेतून तो माणूस दिसत होता. अंगात नवा कोट, डोक्याला फेटा, हातात लाल खडू. गाडी त्याच्यापासून लांब चालली होती आणि तिला गाठायला तो उतारावरून धावत येत होता. फेटा सुटून मागे शेपटासारखा उडत होता. तो ओरडला, "वहिनी, ब्रेक दाबा!" ब्रेक त्याच्या बाजूला होता, मी माझ्या बाजूला होते. शिवाय माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीपर्यंत ब्रेक कुठला ते शिकवत नाहीत. मागे वळण होतं, वळणापलीकडे दरी. मी मागे पाहिलं नाही. पाहून दरी उथळ होणार नव्हती. मी डबा घट्ट धरला आणि मनात म्हटलं, या माणसाला मी खोली भाड्याने दिली, तो दिवसच नापास.

नापास हा शब्द माझा नाही, त्याचा. ही वेळ माझ्यावर का आली ते कळायला आधी तो माणूस कळायला हवा.

आमचे हे आणि तो सातपूरच्या एकाच कारखान्यात होते. आमचे हे माल बनवायचे आणि तो नापास करायचा. तपासणी खात्यात होता. तरी दोघांची दोस्ती होती, ती कशी ते दोघांनाच ठाऊक. आमचे हे गेले, तो रिटायर झाला, आणि एक दिवस पंचवटीत माझ्या दारात येऊन उभा राहिला. पेठ नाक्याच्या मागे माझं घर, घरामागे एक खोली आणि खोलीला लागून जुना गोठा. म्हशी मी केव्हाच विकल्या होत्या. त्याने खोली पाहिलीच नाही. गोठ्याची लांबी पावलांनी मोजली, खिशातून हिरवा खडू काढला आणि खांबावर बरोबरची खूण केली. म्हणाला, "वहिनी, गाडी मावते. मी कुठेही झोपेन."

त्याच्या शर्टाच्या खिशात कायम दोन खडू असायचे, एक हिरवा, एक लाल. कारखान्यात चांगल्या मालावर हिरवी बरोबर आणि खराब मालावर लाल फुली मारायची पद्धत होती. नोकरी संपली, पण फुल्या संपल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या उंबऱ्यावर फुली आली, कारण तो एका बाजूला कलला होता. टाकीच्या झाकणावर फुली. शेजारच्या बोकडाच्या शिंगावर फुली, शिंगं सारखी नव्हती म्हणून. लिंबाच्या झाडाला मात्र हिरवी बरोबर. का, तर म्हणे काही तक्रार नाही. एकदा त्याने माझी भाकरी उचलून उजेडात धरली आणि दुसरा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, "भाऊजी, भाकरीला खडू लागला तर उद्यापासून ताटात खडूच वाढीन." हात परत आला.

निवडणुकीच्या दिवसांत नाक्यावर एका पुढाऱ्याचा मोठा फलक लागला. फलकाचे पाय एकसारखे रोवलेले नव्हते. याने फुली फलकाच्या पायावर मारली, पण ती चित्रातल्या पुढाऱ्याच्या पायावर गेली. चार पोरं मागे लागली. तो धावत माझ्या स्वयंपाकघरात शिरला आणि धापा टाकत म्हणाला, "फलक पडणार आहे, वहिनी." फलक पंधरवड्यात पडला. पोरांनी पुन्हा त्याला शोधलं, कारण त्यांना वाटलं यानेच पाडला.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं की तुमचं बीपी वाढलंय. त्याने मशीनच्या मागे फुली मारली आणि विचारलं, हे मशीन बरोबर सांगतं की नाही हे शेवटचं कोणी तपासलं होतं? डॉक्टरांचंच बीपी वाढलं असणार. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "नापास करायला शंका पुरते. पास करायला कारण लागतं." लग्न केलं नव्हतं. लोक म्हणायचे, एकही मुलगी पास झाली नसेल. तो लोकांना कधी उत्तर द्यायचा नाही. मलाही तेच वाटायचं, आणि मी ते त्याच्या तोंडावर म्हणायचेसुद्धा.

आता गाडी. ती भुंग्याच्या आकाराची जुनी जर्मन गाडी होती. त्याच्या मामाने कोण्या पारशाकडून घेतलेली, मामाच्या मागे याच्याकडे आलेली. रंग पिस्त्याचा. सगळा मोहल्ला तिला भुंगाच म्हणायचा. तिचं सगळं उलटं. इंजिन मागे, सामान पुढे, आणि इंजिनात पाणी नाही. एकदा ती तापून दारात उभी होती, तर मी भलेपणाने बादली भरून आणली आणि विचारलं, कुठे ओतू? तो हसत हसत उंबऱ्यावर बसला, त्याच्या फुलीवर. मग सांगितलं की ही गाडी वाऱ्यावर थंड होते. मागच्या काचेखाली जाळीसारख्या फटी आहेत, आतला पंखा तिथून हवा ओढतो आणि इंजिनावर सोडतो. मी म्हटलं, एवढं जर्मन डोकं लावलं आणि शेवटी विंझणवाराच?

वारा तिला पुरत नव्हता, हे खरं. गाडी मखमलाबादच्या पुढे गेली की मरायची. पेट्रोल आणि हवा मिसळायचा जो कार्ब्युरेटर असतो, त्यात पेट्रोल उकळायचं. हे त्याने मला दुधावरून समजावलं. मग तो रस्त्याच्या कडेला बसून त्या यंत्रावर ओली फडकी टाकायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर टाकतात तशी. अलीकडे पेट्रोलमध्ये उसाचं स्पिरिट मिसळायला लागले, त्याने जुन्या रबरी नळ्या चघळल्यासारख्या होऊ लागल्या. गाडी मखमलाबादऐवजी नाक्यावरच मरू लागली. तेव्हा त्याने जाहीर केलं की कार्ब्युरेटर काढायचा आणि इंजेक्शन बसवायचं. मला वाटलं, बीपीचं काहीतरी असेल.

इंजेक्शन म्हणजे काय, तर एक पंप पेट्रोल जोराने ढकलतो, बारीक तोंडातून त्याचा फवारा उडतो, आणि किती उडवायचा ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. आताच्या सगळ्या गाड्यांत असतंच. जुन्या गाडीत बाहेरून आणून बसवायचं तर पन्नास दुकानदार पन्नास प्रकार सांगतात. आणि निवड कोणी करायची? ज्याने जन्मभर फक्त नापास केलं, त्याने.

तीन वर्षं माझ्या ओट्यावर हे स्थळं बघणं चाललं. एक परदेशी संच होता, त्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा घ्यायची वेगवेगळी तोंडं. दिसायला फार देखणा. तो म्हणाला, दोन्ही तोंडं रोज एकसारखी उघडतील याची हमी कोण देणार? फुली. दुसरा अगदी साधा, कार्ब्युरेटर काढा आणि त्याच जागी हा ठेवा. म्हणजे फवारा मध्यभागी आणि सिलिंडर चार कोपऱ्यांत. तो म्हणाला, एका दारात टाकलेला पेपर चार घरांत सारखा कसा पोचेल? फुली.

तिसरं स्थळ जुन्या नाशकातल्या उस्तादांचं. यांचं गॅरेज वडिलांपासूनचं, भुंग्याचे सगळे जुने आजार त्यांना पाठ. त्यांचं म्हणणं, दोन मोटरसायकलींचं इंजेक्शन काढून जोडून टाकू.

"साहब, रोज लाखो बाइका पळतात याच्यावर," उस्ताद म्हणाले. "तुमचा भुंगा काय आसमानातून उतरला?"

"दोन वेगळे संच एका इंजिनात कसे राहतील?"

"दोन भाऊ एका घरात राहतात की नाही?"

"राहतात आणि भांडतात," तो म्हणाला आणि उस्तादांच्या पाटीवर फुली मारून आला. उस्ताद महिनाभर बोलले नाहीत. मग ईदला शीरखुर्मा पाठवला. डब्याच्या झाकणावर त्यांनी स्वतःच हिरवी बरोबर काढली होती.

हे असंच मरेपर्यंत चाललं असतं. पण मध्ये एक लग्न आलं.

लग्न दिंडोरी रोडच्या एका लॉनवर होतं, कारखान्यातल्या कोणाच्या तरी नातीचं. तो बुफेच्या टेबलापाशी जिलबीच्या वेढ्यांची तपासणी करत उभा होता. मी शेजारी. तेवढ्यात एक बाई सरळ त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीची निळ्या काठाची साडी, पाठ ताठ, केस आखूड. पेठच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. पेठला सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, म्हणून मीही सिस्टरच म्हणते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही ते नापसंतवाले ना?"

त्याला ओळख पटेना.

"तुम्ही मला बघायला येणार होतात. आम्ही पोहे केले होते. संध्याकाळपर्यंत झाकून ठेवले, मग बाबांनी म्हशीला घातले. सगळ्या पेठला कळलं की नाशिकच्या मुलाने पोरीला न बघताच नापसंत केलं."

त्याच्या हातातली जिलबी तशीच राहिली. तो म्हणाला, "मी घाटात होतो."

मग त्याने सांगितलं. मामाची गाडी घेऊन निघाला होता. पेठच्या अलीकडे घाटात शेवटचा चढ लागतो, तिथे पेट्रोल उकळलं आणि गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी गेला तर सिस्टरच्या वडिलांनी दारातूनच वाटेला लावला. पुढे त्यांचं लग्न दुसरीकडे झालं, संसार झाला, नवरा गेला. आणि या बाबाने चाळीस-बेचाळीस वर्षांत ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. आमच्या यांनासुद्धा नाही.

सिस्टरनी विचारलं, "गाडी बंद पडली होती तर चालत यायचं. वर चढलं की गावच होतं."

"दोष सापडला नव्हता," तो म्हणाला. "गाडी तशीच कशी सोडणार?"

सिस्टरनी ताट दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला नापास केलं नव्हतं."

"तुम्हाला पाहिलंच नव्हतं. न पाहता पास किंवा नापास कसं करणार?"

मी त्याला कोपर मारलं. पण सिस्टर हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की हातातल्या ताटातली कढी साडीवर सांडली. त्या दिवशी घरी येताना भुंगा नाक्यावर मेला आणि आम्ही तो ढकलत आणला, तरी हा शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला तेव्हा कळलं. वाईट येते.

मग फोन सुरू झाले. तो फोन स्पीकरवर ठेवून बोलायचा, कारण त्याला एका कानाचा भरवसा नव्हता. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, इच्छा असो नसो. इच्छा होती. पावसाळ्यात त्याने लग्नाचं विचारलं. मग सिस्टर म्हणाल्या, "दसऱ्याला न्यायला या. त्याच गाडीतून, तोच घाट चढून. गाडी आली तर मी बॅग भरून तयार आहे. नाही आली तर पुन्हा फोन करू नका. पोहे झाकून बसायचं माझं वय गेलं."

फोन बंद झाल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, इंजेक्शन ठरवायला हवं."

आता त्याने सगळ्या दुकानदारांना नव्याने फोन लावले. त्याची एक युक्ती होती. इंजिन गार असलं तर पेट्रोल जास्त लागतं, गरम असलं तर कमी. तवा किती तापलाय ते बघून आपण भाकरी टाकतो तसंच. म्हणून कॉम्प्युटरला इंजिनाचा ताप कळावा लागतो. बाकी गाड्यांत तो ताप पाण्यातून मोजतात. याच्या गाडीत पाणीच नाही. तर हा पठ्ठ्या गाडीचं नाव सांगायचा आणि गप्प बसायचा. समोरचा बोलत बोलत "आणि ही वायर पाण्याच्या पाइपात बसवा" इथपर्यंत आला की फोन ठेवायचा आणि भिंतीवर फुली मारायचा. माझी भिंत गोवर आल्यासारखी झाली.

एक दिवस कोइमतूरचा कोणी फोनवर आला. हिंदी त्याचंही धड नाही, याचंही नाही. गाडीचं नाव ऐकताच तो माणूस म्हणाला, "सर, इसमें पानी नहीं है ना? तो हेड का टेंपरेचर लेना पड़ेगा. स्पार्क प्लग के नीचे."

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पुढचं सगळं त्याने उभ्यानेच ऐकलं. हवेला तोंड मध्यभागी एकच, पण पेट्रोलचे फवारे चार, प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी एक. जुना डायनमो बदलायचा, कारण तो देवघरातल्या समईएवढी वीज देतो आणि पंपाला ती पुरायची नाही. उरलेलं पेट्रोल टाकीत परत जायला वेगळी नळी. आणि इंजिनाचं डोकं, म्हणजे ते हेड, हद्दीबाहेर तापलं, तर तांबडा दिवा लागून इंजिन आपण होऊन बंद होईल, जळणार नाही. फोन संपल्यावर त्याने मोबाइलच्या काचेवर हिरव्या खडूने एवढी मोठी बरोबर काढली. मोबाइल माझा होता.

संच आला. उस्तादांनी बसवला. आधी तोंड वाकडं करून, मग अर्ध्यातून गाणी म्हणत. किल्ली फिरवली आणि भुंगा पहिल्या झटक्यात सुरू झाला. असा कधी झालाच नव्हता. हा दचकून मागे सरकला. उस्ताद म्हणाले, "साहब, आता चुका काढा." तो दिवसभर चुका काढत गाडी फिरवत होता, मखमलाबाद, मातोरी, परत. एकही मिळाली नाही. संध्याकाळी त्याने गाडीतल्या एकेका भागावर बरोबर केली, हँडब्रेकवरसुद्धा. हँडब्रेक जुनाच होता. तो त्याने पास का केला, हे मी अजून त्याला विचारते.

दसऱ्याला सकाळी पूजा. सगळे लोक गाडीच्या तोंडाशी पूजा करतात. याचं म्हणणं, पूजा इंजिनाची करायची, नुसत्या पत्र्याची नाही. आणि इंजिन मागे. म्हणून दरवर्षी हळदीकुंकू, नारळ, हार सगळं मागे व्हायचं. यंदा तर काय विचारता. मनगटाएवढा जाड झेंडूचा हार, मधून मधून आंब्याची पानं. तेवढ्यात उस्ताद आले, तेही एक हार घेऊन. म्हणाले, आपल्या हाताने बसवलेली चीज आहे, आपल्या हाताने घालणार. दोन्ही हार मागच्या काचेखाली आडवे लावले. तो दोन पावलं मागे जाऊन बघून आला आणि म्हणाला, "शोभतंय." त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मला बरोबर घेतलं होतं. सिस्टरना एकट्या पुरुषाबरोबर कसं आणायचं, म्हणून मी करवली. सत्तरी ओलांडलेली करवली, मांडीवर पुरणपोळ्या. गाडी अशी पळाली की रासेगाव केव्हा गेलं कळलं नाही. भाताची खाचरं हिरवीगार, रस्त्याकडेला हाताएवढ्या काकड्या विकायला बसलेल्या बाया, भुंगा दिसला की पोरं टाळ्या पिटायची. तो परत शीळ घालत होता. मी सहन केलं.

घाट उतरलो, मग चढायला लागलो. शेवटच्या चढाला एक वळण आलं आणि तो म्हणाला, "वहिनी, तेव्हा इथेच." तेवढ्यात तांबडा दिवा लागला आणि इंजिन आपण होऊन बंद झालं.

त्याने हँडब्रेक ओढला. दिव्यावर लाल फुली मारली. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून कोइमतूरला फोन लावायला तो चढावर पुढे चालत गेला. आणि मी वर सांगितलं तसा, पास झालेला हँडब्रेक सुटला.

दरीच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग ओतलेला होता. भुंगा मागची चाकं त्यात रुतवून बसला, कोंबडी अंड्यावर बसते तसा. मठ्ठा सांडला. पोळ्या शाबूत. तो धापा टाकत आला, माझ्याकडे बघितलं, गाडीच्या मागे बघितलं, परत माझ्याकडे. "लागलं का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कोणाला विचारता, मला की गाडीला?"

मग तो बसला तपासायला. कोट काढून ठेवला, मागचं झाकण उघडलं. आतून गरम झळ आणि जळका वास. पंप बघितला, बरोबर. नळ्या बघितल्या, बरोबर. चारही फवारे, वायरी, कॉम्प्युटर, सगळ्यांवर हिरवी बरोबर. जन्मात पहिल्यांदा सगळं पास झालं आणि गाडी तेवढी नापास. तो परत पहिल्यापासून तपासायला लागला. ऊन डोक्यावर आलं. काकडीवाली बाई येऊन बघून गेली. मी खडीवर बसून तासभर त्याची पाठ बघितली आणि मला कळलं की बेचाळीस वर्षांपूर्वी इथे काय झालं असेल.

मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशीही असेच बसला होतात ना?"

त्याने पंपावर आणखी एक बरोबर केली.

"ती वर बॅग भरून बसलीय. तुम्ही इथे बरोबर-बरोबर करत बसा."

"दोष सापडला नाही, वहिनी."

"नसू दे. चालत जा."

"गाडी आली तर येईन, म्हणाल्या होत्या."

"आणि माणूस आला तर काय करतील, ते विचारलंत का?"

त्याने वरच्या वळणाकडे पाहिलं. मग उठला. लाल खडू गाडीच्या टपावर ठेवला, हात रुमालाला पुसले, कोट घातला आणि चढ चढायला लागला. एकदाही मागे पाहिलं नाही. न सापडलेला दोष तसाच टाकून तो माणूस चालत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. मला त्या धुरात एकटीला टाकून गेला, हेही पाहिलं.

तो वरच्या वळणाशी पोचतो न पोचतो तोच वरून एक काळीपिवळी जीप आली. टपापर्यंत माणसं, बाजूला लोंबकळणारी वेगळी. जीप त्याच्याजवळ थांबली. पुढच्या सीटवरून चौघांना सरकवत सिस्टर उतरल्या, हातात बॅग. जीप गेली. दोघं रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग चालत खाली आले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण जवळ येताना सिस्टर म्हणत होत्या, "मागच्या वेळी वाट बघत बसले होते. एकदा पुरे झालं."

त्या गाडीपाशी आल्या आणि थांबल्या. नाक वर केलं. "झेंडू जळतोय कुठेतरी. हार घातला होता का?"

"दोन," मी म्हटलं. "एक यांचा, एक उस्तादांचा."

"मग कुठे आहेत?"

आम्ही तिघांनी बघितलं. मागच्या काचेखाली दोन पांढरे दोरे लोंबत होते. एका दोऱ्याला आंब्याचं एक पान. बाकी सगळा झेंडू पंख्याने फटींतून आत ओढून घेतला होता आणि इंजिनाचा वारा बंद करून टाकला होता. डोक्याचा ताप मोजणाऱ्या वायरीने आपलं काम चोख केलं होतं. इंजेक्शनचा काही दोष नव्हता. याने गाडीचा प्रत्येक स्क्रू तपासला होता, पण हार हा गाडीचा भाग नाही, म्हणून तो तपासणीत आलाच नाही. आणि इतकी वर्षं हार मागेच घालत होता, तेव्हा काही कसं झालं नाही? कारण इतकी वर्षं भुंगा दसऱ्याला मखमलाबादच्या पुढे गेलाच नव्हता.

आधी मी हसले. मग सिस्टर. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत होता, आणि मग त्यालाही सुटलं. तिघं खडीवर बसून इतकं हसलो की काकडीवाली बाई पुन्हा बघून गेली.

सिस्टरनी बॅगेतून दवाखान्यातला लांब चिमटा काढला. "मी रिटायर झाले, चिमटा नाही झाला," त्या म्हणाल्या. पदर खोचला आणि जाळीतून, पंख्याच्या तोंडातून एकेक फूल काढायला लागल्या. तो शेजारी थाळीसारखी टोपी धरून उभा, म्हणजे टोपी कुठली, फेटाच. त्यात जळका झेंडू पडत होता. मधेच मी उरलेला मठ्ठा इंजिनावर ओतू का विचारलं, तर तो किंचाळला की तापल्या डोक्याला गार लागलं तर तडा जाईल. मग इंजिन निवेपर्यंत थांबायचं ठरलं. सिस्टरनी बॅगेतून डबा काढला. पोहे होते.

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"आधी खा," सिस्टर म्हणाल्या.

तो खाली बसला आणि खायला लागला. उजेडात धरून बघितले नाहीत. दुसऱ्यांदा मागून घेतले.

इंजिन निवलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी भुंगा खडीतून वर ढकलून दिला. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. मला वाटलं, आता नाशिकला वळायचं, बाई तर इथेच मिळाली. पण सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या आणि वर बोट दाखवलं. "पेठ तिकडे आहे. चढून दाखवायचं ठरलंय." मी मागे, इंजिनाच्या डोक्यावर, पोळ्या मांडीवर. भुंग्याने तो चढ असा घेतला की माझे दात वाजले. पेठच्या बाजारातून त्याने गाडी दोनदा फिरवली. सिस्टरनी दोन्ही वेळा काच खाली केली होती. कोणाकोणाला दाखवायचं होतं, ते त्यांना माहीत.

आता दोघं पेठलाच राहतात. माझ्या गोठ्यात सध्या द्राक्षांचे क्रेट आहेत. मी एकदा त्याला विचारलं, "भाऊजी, सिस्टर पास का नापास?" तो म्हणाला, "तपासलं नाही." मला वाटतं, त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं काही निघालं नसतं.

दसऱ्याला हार आता पुढे घालतात. त्या दिवसाची गोष्ट लोक अजून सांगतात. गाडीला पोचा आला का विचारतात, झेंडू किती निघाला विचारतात, सिस्टर चिमटा का बाळगतात विचारतात. घसरली तेव्हा गाडीत मी होते. मी वाचले.